मामंजींची गिटार

तीर्थरूप मामंजी,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. एका घरात राहणारी माणसं एकमेकांना पत्रं कशाला लिहितील? तुम्ही पुढच्या खोलीत, मी माजघरात, मध्ये एक दार. जे बोलायचं ते त्या दारातून व्हायचं, आणि तेही मोजकंच. तुम्हाला जाऊन महिना होऊन गेला. दिवसकार्य झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, तरी मला काही लिहावंसं वाटलं नव्हतं. आज बसले, कारण आज तुमचे गिटारचे डिसोझा मास्तर आले होते. ते जे सांगून गेले त्यावरून मला तुमच्याशी चांगलं भांडायचं आहे!

मास्तर हुबळीहून मुंबईला निघाले होते. सोलापूरच्या स्टेशनावर त्यांच्या जुन्या बँडातला कोणी भेटला, त्याच्याकडून तुमची बातमी कळली. गाडी तशीच जाऊ दिली, टांगा केला आणि थेट घरी आले. केस सगळे पांढरे झालेत त्यांचे. नेहमीच्या खुर्चीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तुमच्या बैठकीकडे बघत राहिले. सासूबाईंनी चहा केला. पूर्वी त्यांच्यासाठी कोनाड्यात वेगळा कप असायचा, आठवतो ना? आज सासूबाईंनी घरातल्याच कपातून चहा दिला आणि वर विचारलं, "साखर पुरे आहे का?" तुम्ही असतात तर चष्मा वर करून पाहिलं असतंत.

चहा झाल्यावर मास्तर मला म्हणाले, "बाय, आता सांगायला हरकत नाही. मी पहिल्या दिवशी या घरात पाऊल टाकायच्या आधी तुझ्या सासऱ्यानं मला गल्लीच्या तोंडाशी गाठलं. म्हणाले, मास्तर, मला हे वाद्य जन्मात येणार नाही, माझे कान दगडाचे आहेत. पण तुम्ही मलाच शिकवायचं, आणि मोठ्यानं शिकवायचं. आत माझी सून असते."

मी हातातला ट्रे खाली ठेवला.

"मी विचारलं, मग तिलाच शिकवतो की," मास्तर म्हणाले. "तर म्हणाले, तिच्या नावानं मास्तर आणला तर उद्या कोणीही येऊन बंद पाडेल. माझ्या नावानं आणला तर कोणाची छाती आहे?"

मी विचारलं, "म्हणजे ते इतके चुकायचे, ते मुद्दाम? मला पुन्हा पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून?"

"छे गो बाय!" मास्तर हसायला लागले. "चुका अगदी खऱ्या होत्या. इतक्या चुका मुद्दाम कोण करू शकेल?"

आणि मामंजी, सासूबाई हसल्या! तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. हसता हसता पदरानं डोळे पुसत आत निघून गेल्या.

का नाही सांगितलंत मला? इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही तुमच्यासाठी शिकता आणि मी दाराआडून चोरून ऐकते. घरातल्या घरात चोरी करतेय या भीतीनं माझी छाती धडधडायची. एका शब्दानं ती धडधड थांबवता आली असती तुम्हाला. की सांगितलं असतंत तर मी लाजून उठून गेले असते, असं वाटलं तुम्हाला? कदाचित गेलेही असते. तरीसुद्धा सांगायला हवं होतंत.

ती गिटार घरात आली तेव्हाचं तुमचं तोंड मला आठवतं. माझं लग्न होऊन थोडेच महिने झाले होते. हे पुण्याच्या कॉलेजातून सुट्टीला आले ते खांद्याला ती लटकवूनच. वसतिगृहातल्या एका गोव्याच्या मित्रानं दिली होती. तुम्ही कोर्टातून येऊन हातपाय धूत होतात. "हे काय?" म्हणालात. यांनी उत्साहानं सांगायला सुरुवात केली, सहा तारा, हे पडदे, हे असं धरायचं. तुम्ही पंच्याला हात पुसत ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "माधव, आधी वकिलीची परीक्षा. मग त्या फिरंगी सतारीचं बघू." झालं. दोघं जेवायला शेजारी शेजारी बसलात आणि आमटीशिवाय कुणी काही मागितलं नाही.

ती परीक्षा राहिलीच. पुढच्याच वर्षी विषमज्वरानं हे गेले. (त्यांचं नाव मी अजून तोंडानं घेत नाही. वर लिहिलं ते तुमचं बोलणं म्हणून लिहिलं.)

त्या दिवसांतलं मला फारसं काही आठवत नाही. पण एक सकाळ आठवते. पंढरपूरहून तुमचे थोरले भाऊ आले होते, आपले भाऊकाका. मी माजघरात भिंतीशी बसले होते. ते तुम्हाला म्हणाले, "नाना, न्हाव्याला निरोप धाडलाय. जे रीतीनं व्हायचं ते होऊन जाऊ दे." मी माझी वेणी मुठीत घट्ट धरली होती, कुणी आत्ताच ओढून नेईल अशी. तेव्हा तुमचा आवाज आला, नेहमीसारखा, कोर्टात कागद वाचून दाखवावा तसा. "भाऊ, या घरात न्हावी माझ्या दाढीला येतो. दुसऱ्या कशाला यायचा नाही."

भाऊकाका न जेवता गेले. तुम्ही जेवलात. मला आतून ऐकू येत होतं, तुम्ही दुसऱ्यांदा भात मागितलात. त्या भातानं मला जो धीर दिला, तो कुणाच्याच सांत्वनानं दिला नाही.

गिटार यांच्या खोलीत खुंटीला टांगलेली होती. ती खोली झाडणं माझ्याकडे होतं. सोलापूरची धूळ काय सांगावी, सकाळी पुसलं तरी दुपारी बोट फिरवून नाव लिहावं इतकी! मी रोज फडक्यानं गिटार पुसायची. एकदा फडकं तारांना लागलं आणि सगळ्या तारा एकदम वाजल्या. मी हातानं त्या दाबून धरल्या. पुढच्या खोलीत तुमची खुर्ची करकरली.

आठवडा झाला नसेल, जेवताना तुम्ही जाहीर केलंत, "मी गिटार शिकणार आहे."

सासूबाईंच्या हातातून वरणाची पळी पडायची बाकी होती. "या वयात? अहो, पेन्शन घेतली म्हणून काय झालं! लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, शिरस्तेदार म्हातारपणी चळला. म्हणू देत. थोडं तूप वाढ."

कुसुम, तुमची लाडकी लेक, तेव्हा परकरातली होती. ती हसून हसून लोळली. मी मात्र खाली मान घालून बसले. मला वाटलं, तुम्हाला आता मुलाची आठवण सहन होत नाही, म्हणून त्याचं वाद्य हातात घेताय. इतक्या वर्षांत मी ते बदलून दुसरं काही मनात आणलंच नाही.

मग मास्तर यायला लागले. लग्नाच्या बँडात कर्णा वाजवणारा, रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवणारा हा माणूस आपल्या गल्लीत शिरला की पोरं मागे लागायची. तो पुढच्या खोलीत बसायचा आणि खणखणीत आवाजात सांगायचा. मला वाटे, तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून ओरडतो. मी दाराच्या आत तांदूळ निवडायला बसायची. दार नेमकं अर्धं उघडं असायचं. आता कळलं ते कोण उघडं ठेवायचं!

"शिरस्तेदार, डो! पाचव्या तारेवर, तिसरं बोट, तिसरा पडदा!"

"डो नाही, सा म्हणा," तुम्ही म्हणायचात. "मला फिरंगी नावं लक्षात राहत नाहीत."

"बरं, सा. आता रे. बोट उचला, चौथी तार मोकळी. मग ग, दुसरं बोट. म, तिसरं. आता तिसरी तार मोकळी, प. ध, दुसरं बोट. नि, पुढची तार मोकळी. आणि वरचा सा, पहिलं बोट, पहिला पडदा. पहिलं! पहिलं बोट, शिरस्तेदार! ते तुमचं तिसरं आहे!"

हे ऐकून ऐकून माझी डाव्या हाताची बोटं तांदळाच्या सुपाच्या कडेवर आपोआप जागा घ्यायला लागली. सा, मोकळं, ग, म, मोकळं, ध, मोकळं, सा. सुपात खडे राहू लागले. एकदा सासूबाईंच्या दाताखाली आला तेव्हा त्या म्हणाल्या, "लक्ष कुठं असतं गं तुझं?" आणि तुम्ही घाईघाईनं म्हणालात, "दुकानदारच हल्ली खडे घालतो." मामंजी, मामंजी! इतकं सगळं नाटक आणि मी एवढी भोळी!

मास्तर गेले की तुम्ही गिटार माजघराच्या उंबऱ्याशी टेकवून ठेवायचात. "जरा पुसून ठेव," म्हणायचात आणि काठी घेऊन सिद्धेश्वराच्या तळ्याकडे फिरायला निघायचात. येताना गल्लीच्या वळणावरच खोकायला लागायचात, म्हणजे मला गिटार जागेवर ठेवायला वेळ मिळे. एरवी तुम्हाला खोकल्याचा काही त्रास नव्हता, हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही.

पहिल्यांदा मी तार दाबली तेव्हा सूर निघालाच नाही, नुसतं फट्‌ झालं. बोटांच्या टोकांवर तारांचे वळ उठले. भाकरी थापताना ती टोकं अशी चुरचुरत की डोळ्यांत पाणी यायचं. सासूबाई म्हणायच्या, चुलीचा धूर लागतोय तुला. मग हळूहळू तिथली कातडी जाड झाली, आणि एका दुपारी पाचव्या तारेवरचा सा स्वच्छ वाजला. एकच सूर. किती वेळ तो खोलीत राहिला! मला यांची आठवण आली, पण रडू आलं नाही. पुढचा सूर कुठं आहे तेच मन शोधत होतं. हे गेल्यानंतर कशाचं तरी 'पुढचं' मला हवंसं वाटण्याची ती पहिलीच वेळ होती.

भिंतीपलीकडे नरसम्माच्या घरात माग चालायचा. खटक खट, खटक खट, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. तिचा नवरा विणायचा, ती कांड्या भरायची. मी त्या मागाच्या ठेक्यावर सूर टाकू लागले. एका खटक्याला एक सूर, वर जायचं, खाली यायचं. त्यानं वेग वाढवला की माझी तारांबळ उडे, त्यानं विडी ओढायला माग थांबवला की मीही थांबे. एकदा आडावर नरसम्मानं मला गाठलंच.

"बाई, तुमच्या घरात दुपारी टिंगटिंग वाजतंय ते काय हाय ओ?"

"मामंजी शिकतात," मी म्हणाले.

"मामंजी तर काठी घेऊन तळ्याकडं जातेत की तवा," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून हसली. "आमाला काय करायचंय! वाजू द्या. आमचा मानूस म्हनतो, ते वाजलं की हात लई बरा चालतोय."

तुम्ही मला समोर वाजवायला कसं लावलंत, ते आज नव्यानं आठवून हसू येतंय. संध्याकाळी तुम्ही खुर्चीत गिटार घेऊन बसला होतात. "सूनबाई," तुम्ही दाराकडे न बघता म्हणालात, "वरच्या सा ला मास्तरांनी कुठलं बोट सांगितलं गं? विसरलो बुवा."

"पहिलं," मी आतून म्हणाले.

"असं? पण लागत नाही ते. तूच दाखव बघू."

मी उंबऱ्याच्या आतच बसले. तुम्ही गिटार उंबऱ्यावरून पुढे केलीत. मी सा पासून सा पर्यंत गेले आणि परत आले. कुसुम आ वासून बघत होती. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत, आणि एवढंच म्हणालात, "अस्सं. आता आलं लक्षात." कुठलं आलं होतं लक्षात! दुसऱ्या दिवशी पुन्हा तिसरं बोट!

सासूबाईंनी त्या रात्री माझ्याशी अबोला धरला. तो बरेच दिवस टिकला. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या मुलाचं वाद्य, त्यांच्या मुलाची बायको, आणि मुलगा नाही. तो आवाज त्यांच्या कानांना कसा लागत असेल?

त्यानंतर मास्तर तुम्हाला सांगताना थेट माझं नाव न घेता मला सांगू लागले. "शिरस्तेदार, उजव्या हाताची दोन बोटं आळीपाळीनं. माणूस चालतो तसं. एकाच बोटानं वाजवाल तर ती लंगडी होते." तुम्ही शेवटपर्यंत लंगडीच घातलीत. मी चालायला शिकले. सा च्या जागी दुसरा सूर धरून तोच चढउतार, मग दोन दोन सूर जोडून, मग एक सोडून एक. मला गाणं हवं होतं. दाराआडून मी धीर करून विचारलं, "गाणं कधी?" मास्तर म्हणाले, "गाणं कुठं पळून जात नाही. आधी बोटांना घर ठाऊक होऊ दे." तुम्ही लगेच म्हणालात, "मलाही गाण्याची घाई नाही." तेव्हा मला तुमचा राग आला होता, खरं सांगते.

आणि मग कुसुमचं लग्न निघालं. भाऊकाकांनीच स्थळ आणलं, केम गावचं. मुलगा रेल्वेत कारकून, वडील शेतीवाडी बघणारे, घर चांगलं. बैठकीत ते म्हणाले, "नाना, तुझ्या घरातून दुपारचं काय काय ऐकू येतं ते पंढरपुरापर्यंत पोचलंय. विधवा सून वाद्य वाजवते हे केमच्या लोकांना कळलं तर पोरीचं लग्न मोडेल. मग बस तारा छेडत."

मी त्याच दुपारी गिटार उचलली आणि खुंटीला टांगली. कुणी सांगितलं नव्हतं. कुसुम माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपणारी पोर, तिच्या आयुष्याशी मी कशी खेळू? तुम्ही संध्याकाळी फिरून आलात, न खोकता आलात, आणि खुंटीकडे बघितलंत. काही बोलला नाहीत.

त्या वेळचं तुमचं गप्प राहणं मला अजून सलतं, मामंजी. न्हाव्याला दारातून परत पाठवणारा माणूस त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. एका पोरीसाठी बोलावं तर दुसरीचं लग्न मोडेल, या कात्रीत सापडला होतात का? की मी आपणहून टांगली म्हणून मान राखलात? विचारायला हवं होतं. तुम्ही होतात तेव्हा धीर झाला नाही, आणि आता उत्तर येणार नाही.

लग्न थाटात झालं. वरातीपुढे मास्तरांचाच बँड होता. लाल कोट घालून कर्णा वाजवताना त्यांनी माडीवरच्या खिडकीकडे बघून मला एकदा मान लववली. नंतर थोड्याच दिवसांत ते हुबळीच्या बँडात गेले. कुसुम सासरी गेली. घरात आपण तिघं उरलो. बोटांच्या टोकांवरची कातडी मऊ पडली. नरसम्मा आडावर म्हणाली, "लई दिस झालं, तुमच्याकडं सुनं सुनं वाटतंय," आणि मी घागर उचलून चालू लागले.

एका दुपारी मी चूल सारवत होते. सासूबाई आल्या, हातात गिटार. धरली होती उलटी, एखादं तान्हं मूल धरावं तशी.

"उमे," त्या म्हणाल्या, "घर फार गप्प झालंय. गप्प असलं की मला माधवचाच आवाज ऐकू येतो. ते तुझं वरखाली वरखाली असतं ना, ते तरी वाजव."

माझे हात शेणानं माखलेले. धुऊन, पुसून मी बसले. बोटं विसरली होती, पुन्हा वळ उठले. सासूबाई समोर शेंगा फोडत बसल्या. पुढच्या खोलीत तुम्ही वर्तमानपत्राचं पान उलटत होतात, ते थांबलात. तुम्ही आणि सासूबाई आपसात काही बोलला होतात का? आज त्यांना विचारलं. "नाही गं," म्हणाल्या. "त्यांना काय विचारायचं त्यात? गिटार माझ्या मुलाची."

कुसुम पहिल्या बाळंतपणाला आली तेव्हा तिनं जे सांगितलं त्यावर आपण किती हसलो! तिच्या सासऱ्यांनी, मुलगी बघायला आले तेव्हाच, खोलीच्या उघड्या दारातून भिंतीवरची गिटार पाहिली होती. त्यांना बिचाऱ्यांना ते वाद्य ऐकायची फार इच्छा होती. पण एवढ्या शिस्तीच्या शिरस्तेदारांच्या घरात असं कसं विचारायचं म्हणून गप्प बसले! कुसुम म्हणाली, "अजून विचारतात मला, तुमच्याकडे ते वाजवतं कोण?" आपण ज्यांना घाबरून तारा बंद केल्या, ते आपल्यालाच घाबरून बसले होते. तुम्ही खोकला येईपर्यंत हसलात. तो खोकला मात्र खरा होता. तिथूनच तुमच्या छातीचं दुखणं सुरू झालं.

मग गाणी आली. मास्तर नव्हते, पण त्यांनी घालून दिलेली वाट होती. सासूबाई पहाटे जी भूपाळी म्हणायच्या तिचे सूर मी एक एक करून शोधले, दळताना त्या ओव्या म्हणायच्या त्या शोधल्या. तुम्हाला त्या आवडायच्या, पण शेवटी तुमची फर्माईश एकच. "आता ते सा रे ग म." मी विचारायची, "मामंजी, त्यात काय ऐकायचं?" तुम्ही म्हणायचात, "तेवढंच मला कळतं."

आणि गेल्या संक्रांतीच्या सुमाराची ती दुपार! सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस, बाहेर रस्त्यावर गर्दी. तुम्ही गिटार मागितलीत. खूप दिवसांनी. खुर्चीत सरळ बसलात, दम लागत होता, आणि सुरू केलंत. सा. रे. ग. म. इतकं सावकाश की नरसम्माच्या मागाचे कितीतरी खटके मध्ये जात होते. 'नि'पर्यंत आलात. तुमचं तिसरं बोट हललं, थांबलं, परत गेलं, आणि पहिलं बोट पहिल्या पडद्यावर आलं. वरचा सा! स्वच्छ, गोल! मग खालीही आलात, एकही सूर न सांडता. सासूबाईंनी चक्क टाळी वाजवली. तुम्ही गिटार माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "झालं बाई माझं शिक्षण." त्यानंतर तिला हात लावला नाहीत.

वैशाखातल्या एका दुपारी जेवून आडवे झालात ते उठला नाहीत. झोपेतल्यासारखेच होतात. एवढ्या शांतपणे कुणी जाऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. मी एक जाणं पाहिलं होतं, ते फार वेगळं होतं.

तेव्हापासून गिटार वाजली नव्हती. आज जायच्या आधी मास्तरांनी ती मागून घेतली, खुंट्या पिळून सुरात लावली आणि मला दिली. "वाजव." मी चढले, उतरले. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "वर बरी जातेस. खाली येताना अजून घाई करतेस, बाय." मी पुन्हा वाजवलं. मग ते स्टेशनाकडे गेले.

मामंजी, मी तुमच्याशी भांडायला बसले होते, पण आता एकच विचारते. ते सगळं फक्त माझ्यासाठी होतं का? थोडं यांच्यासाठीही नसेल? "मग बघू" म्हणाला होतात त्यांना. बघितलंत ना शेवटी? मला वाटतं, बघितलंत. माझ्या वाटणीचं काढून घेऊन नाही, त्याच्यासकट. दोघांना पुरेल एवढं होतं ते.

आता उद्याचं सांगते. मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई तुमच्या दिवसांत भेटायला आल्या होत्या. त्यांनी मला गायनाचा वर्ग घ्यायला बोलावलं आहे. गेल्या आठवड्यात मी नुसती बघायला गेले होते. वर्गात यमुना नावाची एक मुलगी आहे. तिचा सूर लागत नाही म्हणून तिला गायनाच्या तासाला व्हरांड्यात शिवण घेऊन बसवतात. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला लागली. उद्यापासून ती आत बसेल, पहिल्या रांगेत, माझ्या समोर. तिला वर्षभरात फक्त एक सप्तक आलं तरी मी ते पुरे मानीन, हे तुम्हाला वचन देते.

आणखी एक. शाळेची वाट नव्या पेठेतून जाते. भर सकाळची वेळ, कापडाची दुकानं उघडलेली, पायऱ्यांवर सगळी ओळखीची माणसं. सासूबाईंनी मघाशी जुनी चादर काढून दिली, गिटारीवर गुंडाळायला. मी ती घडी करून परत ठेवली. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग चादरीकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "बरं. मी येते बरोबर. मला भाजी घ्यायचीच आहे."

तेव्हा उद्या आम्ही दोघी जाऊ. सावकाश जाऊ, रस्त्याच्या मधून जाऊ, आणि गिटार उघडी असेल.

तुमची सून,
उमा